एका पाउचमध्ये दोन राज्यं

पंचशीला कलबुर्गीहून आली की प्रेमानंद दुकानाचं शटर अर्धं ओढायचा. पूर्ण कधीच नाही. कमलनगरच्या बसस्टँडसमोर रविवारी झेरॉक्सचं हे एकच दुकान उघडं असे, आणि आधार, जातीचा दाखला, शेताचा पहाणी उतारा हातात घेऊन आलेली माणसं शटर वाजवून त्याला हाक मारत. या रविवारी मात्र त्यानं शटर पूर्ण खाली ओढलं, कुलूप घातलं आणि मागच्या दारानं घरात आला. बहीण आज पाहुणी म्हणून आलेली नव्हती. ती ज्या कॉलेजात खेळाची संचालक होती, तिथं मंगळवारी खो-खोची निवड चाचणी होती आणि मैत्रेयीला त्यात उतरायचं होतं. निवड झाली तर बी.एस्सी.ची जागा आणि हॉस्टेल. नाही झाली तर खेळ बारावीवरच थांबणार. घरून जाऊन येता येईल अशा एकाही कॉलेजात मुलींचा संघ नव्हता.

बैठकीत सगळे जमले होते. चांगुणाबाई, प्रेमानंदची आई, पलंगावर पाय वर घेऊन बसली होती. सुमन स्वयंपाकघराच्या दारात सुपात तूर निवडत होती, म्हणजे कामही चालू आणि कानही इकडं. तिचा धाकटा भाऊ रत्नपाल सकाळच्या गाडीनं उदगीरहून भाचीसाठी नवे बूट घेऊन आला होता. उदगीरला त्याचं खो-खोचं मंडळ होतं. दर उन्हाळ्यात मैत्रेयी त्याच्याकडं जायची, आणि खुंटाला वळसा कसा घालायचा हे तिला त्यानंच दहाव्या वर्षी शिकवलं होतं.

"मी सांगायले ते लिही," पंचशीला भाचीला म्हणाली. "ट्रायलला 'मी समदं खेळते' म्हणू नको. तिथं येणारी हरेक पोरगी त्येच म्हणती. तू काय करतीस?"

"पोल डाइव्ह."

"कुठली बाजू?"

"उजवी. डावीकडची अजून न्हाई जमत, आत्या."

"मग तसंच सांग. उजवी जमती, डावी न्हाई. अजून शिकायची हाय असं म्हणणारी पोरगी कोचला आवडती. आन मोबाइलवर तुकडे तुकडे दावू नको. एक आख्खी मॅच दाव. हरलेली असली तर अजून बेस. हरताना पोरगी काय करती ते मला बघायचं असतंय."

"आमच्या मैत्रेयीची हरलेली मॅच कुठनं आणायची, ताई?" रत्नपाल म्हणाला.

"तुमच्या मंडळाकडं हायेत की ढीगभर. एखादी उसनी द्या," पंचशीला म्हणाली आणि सुमनसुद्धा हसली.

"घोट्याचं सांगू का?" मैत्रेयीनं विचारलं. फेब्रुवारीत तिचा डावा घोटा मुरगळला होता.

"सांगायचं. डॉक्टरची चिठ्ठी दावायची. लपवलीस आन ऑगस्टात सुजला तर तवा तुला कोण इचारणार? आन तुमी बी त्यांना इचारा. दुखापत झाली, वर्षभर खेळता आलं न्हाई, तर हॉस्टेल ऱ्हाईल का? मागच्या पाच वर्षांत संघातल्या किती पोरी डिग्री घेऊन भायेर पडल्या? प्रॅक्टिकल आन सराव एकाच टायमाला आला तर सुट्टी कोण देतंय, लॅबवाला का कोच?"

"तितं तूच हायस की," चांगुणाबाई म्हणाली. "मंग तुलाच इचारायचं?"

"मलाच इचारायचं, माय. घरात न्हाई. तितं, समद्यांम्होरं."

मैत्रेयी वहीत भराभरा लिहीत होती. तिचं अक्षर खालीखाली तिरकं होत चाललंय हे प्रेमानंदनं पाहिलं. घाईनं असेल, असं त्याला वाटलं.

"आता कागद दावा, अण्णा."

या क्षणाची तो सकाळपासून वाट पाहत होता. त्यानं कपाटातून फाइल काढून बहिणीपुढं ठेवली. दहावीची गुणपत्रिका, जन्मदाखला, तालुक्याची, जिल्ह्याची, राज्याची प्रमाणपत्रं, सगळी लॅमिनेट केलेली, कोपरे गोल कापलेले, कुठं बुडबुडा नाही. पंचशीलेनं एक उचललं, बोटानं वाकवून पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"अण्णा, ह्ये काय करून ठेवलास?"

"कामून? भिजत न्हाई, फाटत न्हाई."

"अरे, तपासणीला मूळ कागद बघतात. मागच्या बाजूला शिक्का मारतात. प्लॅस्टिकवर शिक्का बसंल का?"

"मी बोललो व्हतो दाजींना," रत्नपाल म्हणाला. "ह्यांच्या हाती लागलं तर हे मलाबी मशिनीत घालतील."

"लग्नपत्रिका बी लॅमिनेट केल्यात आमच्या," सुमन दारातून म्हणाली. "बावीस वर्सं झाली, अजून कोऱ्या हायेत."

सगळे हसले. प्रेमानंदही हसला, पण कानशिलं तापली. वीस वर्षांत त्यानं निम्म्या तालुक्याचे कागद प्लॅस्टिकमध्ये घातले होते आणि शिक्क्याचा विचार त्याच्या मनात एकदाही आला नव्हता.

पंचशीलेनं शेवटचं प्रमाणपत्र काढलं. हे बाकीच्यांपेक्षा जाड होतं. वरच्या बाजूला कर्नाटक राज्य कुमारी गट अजिंक्यपद, बीदर जिल्हा, उपविजेता, नोव्हेंबर. तिनं समाधानानं मान हलवली. "ह्येच महत्त्वाचं. ह्याच्यावरच जागा हाय." मग मागं शिक्क्याला कुठं जागा दिसते का म्हणून तिनं ते उलटलं.



प्रेमानंदला आधी वाटलं, पाठीमागं काही डाग पडला असेल. बहिणीचा चेहरा त्याला लहानपणापासून पाठ होता. रागावली की तिच्या नाकपुड्या फुगत, रडायला आली की हनुवटी ताठ होई. आत्ता यातलं काहीच झालं नाही. चेहरा नुसता रिकामा झाला. तिनं प्रमाणपत्र पुन्हा सरळ केलं, पुन्हा उलटलं.

"अण्णा, ह्ये कुणाचं हाय?"

तो वाकून वाचू लागला. मराठीत होतं. महाराष्ट्र राज्य कुमारी गट अजिंक्यपद स्पर्धा, लातूर जिल्हा संघ. कुमारी मैत्रेयी प्रेमानंद सोनकांबळे, राहणार उदगीर. महिना मे. वर्ष तेच.

"उदगीरला खेळली व्हती की मागच्या उन्हाळ्यात," तो म्हणाला. "तुला म्हाईत हाय."

"मंडळाची मॅच खेळली व्हती, असं मला म्हाईत हाय. ही राज्याची स्पर्धा हाय. मे महिन्यात ही पोरगी महाराष्ट्राकडं हाय आन नोव्हेंबरात कर्नाटकाकडं. एका वर्षाला एकच राज्य असतंय, अण्णा! ह्ये दोन कागद एका ठिकाणी दिसले तर बंदी येती. दोन वर्सं पोरगी मैदानात पाय ठेवू शकत न्हाई."

सुमनच्या मांडीवरचं सूप खाली सरकलं, तुरीचे दाणे फरशीवर पसरले. ते कुणीच गोळा केले नाहीत. तिनं भावाकडं पाहिलं.

"रत्नू. मला तू काय म्हणालास? दोस्तीची मॅच हाय म्हणालास का न्हाई?"

"आक्का, ऐक तर. मंडळाच्या दोन पोरी जिल्ह्याच्या संघात व्हत्या. त्यातली एक कावीळ हून पडली. बदली पोरगी दे म्हणाले. मैत्रेयी माज्या घरात. जल्म उदगीरचा, दाखला उदगीरचा..."

"बाळंतपणाला मी माहेरी आले म्हणून जल्म उदगीरचा! ऱ्हाती ती इतं!"

"माझं घर म्हंजे तिचं घर न्हाई का? तूच सांग. दवाखान्याला तुमी उदगीर, बस्त्याला उदगीर, तूर इकायला उदगीर. तवा कुणी राज्य इचारतंय का? मी रहिवासी दाखला काढला. मला काय म्हाईत नोव्हेंबरात इतं बी निवड हुईल?"

प्रेमानंदला यातलं एकही वाक्य खोटं वाटलं नाही. सीमा त्यांच्यासाठी फक्त एसटीचा रंग बदलायची जागा होती. त्याची सासुरवाडी, त्याच्या मशीनचा मेकॅनिक, सगळं पलीकडं होतं. त्या रेषेचा कुणी हिशेब मागेल हे त्यालाही सुचलं नसतं.

"बंदी एकटीला न्हाई," पंचशीला म्हणाली. आवाज हळू झाला होता. "अपात्र पोरगी खेळली तर संघाचा निकाल जातो. पंधराच्या पंधरा पोरींचं मेडल जाईल. कोहिनूर गावची शिवम्मा ह्याच संघात व्हती. हुशार पोरगी, शेतमजुराची. मागच्या महिन्यात आमच्याकडं तिला जागा मिळाली, ह्याच मेडलवर." तिनं प्रमाणपत्र खाली ठेवलं. "तिचा फॉर्म मी तपासला. माझी सही हाय."

पंखा फिरत होता आणि मैत्रेयीच्या वहीचं पान वर-खाली होत होतं. तिनं त्यावर हात ठेवला. डोकं वर केलं नाही.

"कैची आणा," रत्नपाल एकदम म्हणाला. "मधनं सोडवून काढू. मागचं जाळून टाकू."

"निघत न्हाई," प्रेमानंद म्हणाला. "गरम रोलरमधनं गेल्यावर डिंक कागदात मुरतो. सोलायला गेलं तर शाईसकट वरचा थर येतो. दोन्ही बी जातील."

"मग जाऊ द्या दोन्ही! हरवलं म्हणून अर्ज करा. कर्नाटकाचं तेवढं डुप्लिकेट मागा. दाजी, तुमी रोज लोकांना हेच अर्ज लिहून देता न्हाई का?"

खरं होतं. त्याच्या कॉम्प्युटरात त्या अर्जाचा नमुना तयार होता, कन्नडमध्ये एक, मराठीत एक. नाव आणि तारीख बदलली की झालं. ते आठवताच त्याला सुटल्यासारखं वाटलं. आणि सुटल्यासारखं वाटलं याचा धक्का त्यानंतर बसला.

"मी बघितलंय ते," पंचशीला म्हणाली.

"न्हाई बघितलं समजा, वन्स." सुमन उठून तिच्यासमोर येऊन बसली होती. पाच मिनिटांपूर्वी भावावर ओरडणारी ती आता त्याच्याच बाजूला होती. "पाया पडते तुमच्या. पोरीनं काय चोरी केली न्हाई. खेळली. दोन्हीकडं चांगली खेळली, हा गुन्हा हाय का?"

"वहिनी, मंगळवारी मी त्या टेबलावर बसणार हाय."

"पंचा," पलंगावरून चांगुणाबाई म्हणाली. सगळ्यांनी तिकडं पाहिलं. ही म्हातारी लेकीच्या शब्दापुढं कधी जात नसे. "तुला शिकाया ह्या पोरानं आपली धाव्वी सोडली. झेरॉक्सच्या मशिनीपाशी हुबा ऱ्हायला. तवा तू मैदानात पळलीस. साहेबीण तितं हो. इतं आत्या हो."

पंचशीलेनं भावाकडं पाहिलं. तो काहीतरी बोलेल, आई, असं काय म्हणतीस असं म्हणेल, याची ती वाट पाहत होती, हे त्याला स्वच्छ कळलं. तोंड उघडलं तेव्हा तो म्हणाला, "डुप्लिकेट पंधरा दिसात निघतंय, पंचा. मंगळवारी नुसतं हरवल्याचं पोलिसाचं पत्र दावलं तर चालंल का?"

 चाळीस वर्षांची, शिट्टी वाजवून शंभर पोरी रांगेत उभ्या करणारी बाई, घरातल्या लाकडी खुर्चीत अंग चोरून बसली होती.

"मी मंगळवारी येत न्हाई कमिटीवर," शेवटी ती म्हणाली. "ताप आला म्हणून कळवते. दुसरं कोणी कागद बघंल. मी काय सांगणार बी न्हाई, काय इचारणार बी न्हाई. एवढंच जमंल माज्यानं."

सुमननं तिचे हात धरले. रत्नपालनं मोठा श्वास सोडला. अर्ध्या तासात घर दोनदा फुटून पुन्हा एक झालं होतं, आणि प्रेमानंदला लाज आणि गोडवा एकाच वेळी जाणवला. त्याच्या आठवणीत त्याची बायको, आई, बहीण आणि मेहुणा एका गोष्टीवर कधीच एकमतानं बसले नव्हते.

"मला म्हाईत व्हतं," मैत्रेयी म्हणाली.

"काय म्हाईत व्हतं?" सुमननं विचारलं.

"दोन राज्याकडनं खेळता येत न्हाई म्हणून. बीदरला नोव्हेंबरात फॉर्म दिला व्हता. कन्नडात. ह्या वर्षी दुसऱ्या राज्याकडनं खेळलात का, असं इचारलं व्हतं. मी 'इल्ला', न्हाई म्हणून टिक केले." तिचा आवाज अजिबात हलत नव्हता, जसं काही ती वहीतलं वाचून दाखवत होती. "मामाला म्हाईत नव्हतं. मला व्हतं. निवड झाली व्हती, आत्या. समद्या टाळ्या वाजवायल्या व्हत्या. मला 'हौदु' म्हणायला झालं न्हाई."

"मग त्या फॉर्मवर पालकाची सही..." पंचशीला बोलता बोलता थांबली.

"पप्पाची हाय."

प्रेमानंदला फॉर्म आठवेना. त्या आठवड्यात शिष्यवृत्तीची शेवटची तारीख होती, काउंटरवर तीन रांगा होत्या. पोरीनं कागद पुढं केला असेल, बोट ठेवून जागा दाखवली असेल. रोज शे-दोनशे सह्या त्याच्या हाताखालून जात. कन्नड त्याला वाचता येत होतं. त्यानं वाचलं नव्हतं.

"आन ह्ये," तिनं जाड प्लॅस्टिककडं बोट केलं. "ह्ये तुमी जोडले न्हाईत, पप्पा. मी जोडून दिले. पाठीला पाठ लावून. डिसेंबरात."

"कामून?"

"सांगायला तोंड हुईना. म्हणलं, असं दिलं तर तुमाला दिसंल. तुमी कागद उलटून बघता की, समद्यांचे. लोकांच्या आधारातली चूक तुमी काउंटरवर काढून देता. मला वाटलं, माझं बी वाचताल. मग इचारताल." ती पहिल्यांदा थांबली. "तुमी न्हाई वाचलात."

आता त्याला तो दिवस दिसला. मशीनचा हिरवा दिवा लागला होता. मैत्रेयी काउंटरच्या आत येऊन रोलरजवळ उभी होती. कागद सावकाश आत ओढला जात होता आणि ती त्याच्याकडं टक लावून पाहत होती. 'बाजूला सर, भाजंल,' एवढंच तो म्हणाला होता. पाउच बाहेर आला, थंड झाला, तरी ती तिथून हलली नव्हती. शेवटी त्यानंच तिला घरी पिटाळलं होतं. पाच महिने झाले त्याला.

त्यानं भिंतीला हात टेकला. समोर बसलेली ही मुलगी आपण ओळखत नाही, अशी भीती त्याला वाटली. आणि लगेच कळलं की उलट झालं होतं, तिनंच त्याला चुकीचं ओळखलं होतं, चांगला समजून.

"पोरी, गप बस," चांगुणाबाई म्हणाली. "झालं ते झालं. आत्यानं वाट काढली हाय."

"आज्जी, मंगळवारी मी खेळले तर अजून एक फॉर्म भरायचा हाय. त्यात बी त्येच इचारतील. मग तिसरा. दरसाल." ती पंचशीलेकडं वळली. "आत्या, खरं सांगून टाकलं तर किती बंदी येती?"

"दोन वर्सं. आपण हून सांगितलं तर कदाचित एक. मी शब्द देऊ शकत न्हाई." पंचशीलेचे डोळे भरले होते, पण आवाज पुन्हा कामाचा झाला होता. "ह्या वर्षीची जागा जाईल. पुढं मिळंल का, ते बी कोण सांगू शकत न्हाई. आन शिवम्माची..."

"व्हय," मैत्रेयी म्हणाली.

"मग संघटनेला खरं कळवायचा अर्ज जायच्या आदी तिला सांग. तिला दुसऱ्याच्या तोंडनं कळता कामा न्हाई. मला जेवढं म्हाईत हाय त्यात एवढं एकच मी पक्कं सांगू शकते."

रत्नपाल काहीतरी बोलायला उठला. सुमननं त्याचा दंड धरून त्याला खाली बसवलं. कुणी तिला सांगितलं नव्हतं.

मैत्रेयीनं तिथंच बसून फोन लावला, स्पीकरवर. दोघी कन्नडमध्ये बोलत. घरात ते सगळ्यांना कळत होतं. पलीकडून शिवम्मा आधी स्वतःच बोलत सुटली. हॉस्टेलची खोली बघून आले, खिडकीची खाट तुझ्यासाठी ठेव म्हणून वॉर्डनला सांगून आले, तुला खिडकी लागते ना. मैत्रेयीनं तिला पूर्ण बोलू दिलं. मग तीन वाक्यांत सगळं सांगितलं. मध्ये कुठं माफी मागितली नाही, मामाचं नाव घेतलं नाही.

पलीकडं कोंबड्यांचा आवाज येत होता. कुणीतरी शिवम्माला हाक मारत होतं, ती ओ देत नव्हती.

"हे आणखी कुणाला माहीत आहे?" शिवम्मानं शेवटी विचारलं.

"घरातल्यांना. आत्ताच. अर्ज अजून दिला नाही. आधी तुला सांगितलं."

पुन्हा कोंबड्या.

"मी खेळले होते," शिवम्मा म्हणाली. "बाद न होता मी पळाले ती दोन मिनिटं चाळीस सेकंद खरी होती. ती कुठं लिहून ठेवतील का?"

 मैत्रेयीनं आत्याकडं पाहिलं. पंचशीलेनं तोंडावर पदर धरला होता.

"अप्पा आता शेतावरून येतील," शिवम्मा म्हणाली. "त्यांना मीच सांगते. तू फोन ठेव."

फोन बंद झाला. मैत्रेयी तो हातात धरून बसली. प्रेमानंद उठला, दुकानात गेला, कोरा कागद आणि पेन घेऊन आला आणि तिच्यासमोर फरशीवर मांडी घालून बसला. कॉम्प्युटर लावायचं त्याच्या मनात आलं नाही. या अर्जाचा नमुना त्याच्याकडं नव्हता.

तारीख टाकली. कन्नडमध्ये, खो-खो संघटनेच्या अध्यक्षांना, 'मान्य अध्यक्षरिगे' लिहिलं. मग हात थांबला आणि काउंटरपलीकडच्या कुठल्याही माणसाला विचारावं तसं, सवयीनं, त्यानं मान खाली घालूनच विचारलं, "अर्जदाराचं नाव?"

मैत्रेयी क्षणभर त्याच्याकडं बघत राहिली.

"मैत्रेयी," ती म्हणाली. "प्रेमानंद. सोनकांबळे."

त्यानं ते एकेक अक्षर वाचत लिहिलं.